वाट पाहीन, पण...

२०१९ च्या नोव्हेंबरमधली शुक्रवारची रात्र. अकरा वाजता आमचं रिलीज प्रॉडक्शनला गेलं होतं आणि आता पुढचे तीन तास काही मोडत नाही ना, एवढंच बघत बसायचं होतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, की यात करण्यासारखं काही नसतं आणि जागेवरून उठताही येत नाही. एका खिडकीत लॉग सरकत होते, दुसऱ्या खिडकीत मी कीबोर्डांचे व्हिडिओ बघत होतो. (कीबोर्ड म्हणजे वाजवायचे. बडवायचा समोर होताच.)

आणि मग ते दिसलं. एक माणूस साधीच दिसणारी पांढरी पट्टी दाबतो. सूर लागतो. मग तो बोट न उचलता ती पट्टी आडवी हलवतो. डावीकडे, उजवीकडे, अगदी जराशी. आणि सूर बोटाबरोबर हलतो! सारंगीवर हलावा तसा.

व्हिडिओ मागे नेला, परत बघितला. असं दहा-बारा वेळा तरी केलं असेल. तेवढ्यात लॉगमध्ये दोन लाल ओळी येऊन गेल्या, त्या मला सकाळी कळल्या. असो.

सकाळी तो व्हिडिओ बाबांना पाठवला. आमचे बाबा व्हॉट्सअॅपवर 'सुप्रभात' सोडून कशालाही उत्तर देत नाहीत. त्या दिवशी चक्क फोन आला.

"अरे, ती पट्टी आडवी हलतेय."

"हो बाबा."

"कॅमेऱ्याची काही गंमत नाही ना?"

"नाही हो. खरंच हलते."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "कितीला आहे?"

बाबांनी एखाद्या वस्तूची किंमत आपणहून विचारलेली मी त्याआधी ऐकलेली नाही.

त्या वाद्याचं नाव ऑस्मोज. एक्सप्रेसिव्ह ई नावाच्या फ्रेंच कंपनीचं. ते पुढच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये येणार होतं. पण ते कधी आलं आणि मधल्या काळात काय झालं, हे सांगण्याआधी बाबांबद्दल थोडं सांगायला हवं.

आमचं घर मिरजेचं. मिरज म्हटलं की बाहेरच्यांना रेल्वे जंक्शन आणि दवाखाने आठवतात. गाण्यातल्या माणसांना आठवतात ते तंबोरे, सतारी आणि अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथल्या उरुसात आजही गाणं होतं. बाबा दिवसा बँकेत कारकून, संध्याकाळी पेटीवाले. गाण्याच्या क्लासला पेटी, भजनाला पेटी, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला पेटी. बाहेरगावचा गवई आला आणि त्याच्या पेटीवाल्याची गाडी चुकली, की आमच्या दारात स्कूटर उभी. कार्यक्रमपत्रिकेत नाव कधी आलं नाही. आलंच तर 'व इतर' मध्ये. :-)

आता मिरजेचं गाणं म्हणजे किराण्याचं गाणं. सुरावर ठाण मांडून बसायचं आणि एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता, घरंगळत जायचं. म्हणजेच मींड. आणि पेटीला नेमकं तेच येत नाही.

का येत नाही, तर पेटीची पट्टी ही आपल्या भाषेत सांगायचं तर बूलियन आहे. दाबली की आतलं भोक उघडतं, भात्यातली हवा पितळी जिभेतून जाते आणि ती जीभ तिच्या ठरलेल्या सुरात थरथरते. सोडली की बंद. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. गवई घसरगुंडीवरून खाली येतो आणि पेटीवाल्याला शेजारच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरावं लागतं.

मुळात हे वाद्य आपलं नाहीच. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. तिकडे ते खुर्चीवर बसून, पायाने हवा भरून वाजवायचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची पेटी बनवली. मांडी घालून बसणाऱ्या देशाला हेच हवं होतं. बघता बघता पेटी देवळात, तमाशात, नाटकात, शाळेत सगळीकडे जाऊन बसली. मींडेचं दुखणं मात्र तसंच राहिलं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर सरळ बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं.

बाबांचा जन्म १९४५ चा. म्हणजे आपण जे शिकतोय ते रेडिओवर चालत नाही, हे माहीत असून हा मुलगा ते शिकला. गोविंदराव टेंब्यांपासून आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकरांपर्यंत मोठमोठ्या लोकांनी त्या अडेलतट्टू पट्ट्यांना बोलतं केलं. शेजारच्या सुराचा कण लावून, एक बोट पुरतं सुटायच्या आत दुसरं ठेवून, भात्याचा दाब कमी-जास्त करून. इतकं, की ऐकणाऱ्याला मींड ऐकल्याचा भास व्हावा. बाबा म्हणायचे, "भासच तो. पण भास पाडायलासुद्धा तीस वर्षं जातात."

एका जागी मात्र भासही चालायचा नाही. दरबारीचा कोमल गंधार. हा सूर एका जागी उभा राहत नाही, तो झुलतो. त्या झुलण्यात सगळी दरबारी आहे. पेटीवर तो लावला की फोटोतला पाळणा होतो. बाबा दरबारीला साथ करताना गंधार वाजवायचेच नाहीत. गवई तिथे आला की यांचं बोट वर. गवई आणि तंबोरे एकटे. तो खाली रिषभावर उतरला की हे परत त्याला भेटायचे. लहानपणी मी एकदा कार्यक्रमानंतर विचारलं होतं, "बाबा, तुम्ही विसरलात का हो मधे मधे?"

"विसरलो नाही रे. तो सूर आपल्याकडे नाही. खोटा लावण्यापेक्षा जागा सोडावी."

आता तुमच्यातल्या कीबोर्डवाल्यांच्या ओठावर प्रश्न आला असेल, की अरे, मग पिच व्हील कशाला असतं? मलाही तेच वाटलं होतं. २००४ साली पहिल्या बोनसमधून मी मोठ्या झोकात एक कीबोर्ड घेऊन मिरजेला गेलो होतो. उजव्या हाताने पट्टी दाबायची, डाव्या हाताने चाक फिरवायचं, सूर वाकतो. बाबांनी आठवडाभर इमानदारीत प्रयत्न केला आणि निकाल दिला, "बोट एकीकडे आणि मींड दुसरीकडे. जेवतोय मी आणि चावतंय दुसरंच कोणी." तो कीबोर्ड पुढे चुलत बहिणीच्या मुलीकडे गेला. तिने त्यावर 'हॅपी बर्थडे' बसवलं.

पण बाबांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होतं. मिडी हे वाद्यांचं आपसातलं बोलणं १९८३ साली ठरलं, तेव्हा सूर वाकवण्याचा हुकूम सगळ्या चॅनलला एकत्र ठेवला गेला. चार पट्ट्या दाबून चाक फिरवलं तर चारही सूर एकदम वाकणार. प्रत्येक बोटाला आपला सूर वेगळा वाकवता यावा, म्हणून २०१८ साली एमपीई नावाची पद्धत अधिकृत झाली. तिची युक्ती काय, तर प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल द्यायचा! पस्तीस वर्षं जुन्या कोडमध्ये कुठलंही फील्ड न बदलता नवं फीचर बसवल्यासारखं आहे हे. आपण सगळ्यांनी हे कधी ना कधी केलेलं आहे, त्यामुळे मी हसणार नाही.

आणि आडव्या पट्टीची कल्पनाही नवी नाही. पॅरिसमध्येच मॉरिस मार्तनो याने १९२८ साली लोकांपुढे आणलेल्या वाद्यात पुढे पट्ट्या आल्या, त्या आडव्या हलवून सूर कापवता यायचा. म्हणजे इलाज गावात होता, फक्त सगळ्यांपर्यंत पोचला नव्हता. अमेरिकेत लिपोल्ड हाकेन यांनी कंटिन्युअम नावाचं वाद्य केलं. त्यात पट्ट्याच नाहीत, एक सलग मऊ पाट. 'दिल्ली-६' (२००९) मधल्या 'रहना तू'च्या शेवटी रहमानने वाजवलंय ते हेच. मी बाबांना ऐकवलं होतं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सुंदर. पण हे सारंगीवाल्याचं काम. पेटीवाल्याच्या बोटाला पट्टी लागते, आंधळ्याला भिंत लागते तशी."

ऑस्मोजमध्ये ती भिंत होती. ४९ पट्ट्या, नेहमीच्या आकाराच्या. आत आवाज तयार करणारं इंजिन हाकेन यांच्या कंटिन्युअमचंच. पट्टी दाबून झाल्यावर आणखी खोल दाबता येते, आडवी हलवता येते. आणि सगळ्यात भारी म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र धरून वजन या बोटावरून त्या बोटावर सरकवलं की सूरही तसाच सरकतो. पुन्हा पॅरिसहून. ज्या गावातून पेटी आली, त्याच गावातून पावणेदोनशे वर्षांनी तिची मींड येणार होती!

येणार होती. :-)

आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना घसघशीत सवलत होती. मी केली नाही. माझं एक तत्त्व आहे, की कुठल्याही गोष्टीचं पहिलं व्हर्जन घ्यायचं नाही. पहिल्या लोकांना बग सापडू देत, मग आपण. म्युनिकला माझा आतेभाऊ असतो, त्याला सांगून ठेवलं, की बाजारात आलं की एक उचल आणि येताना घेऊन ये. म्हणजे माझी अवस्था अशी, की तिकीट न काढता स्टँडवर उभा आणि वर गाडी का येत नाही म्हणून घड्याळ बघतोय.

मग २०२० आलं. ते कसं आलं हे कोणाला सांगायला नको. जग बंद पडलं, जग उघडलं तर चिप मिळेनात. मोटारींचे कारखाने चिपसाठी अडले होते, तिथे एका नव्या वाद्याची काय कथा. ऑस्मोजची तारीख पुढे गेली, परत पुढे गेली. मी मुळीच चिडलो नाही. सॉफ्टवेअरवाल्याने दुसऱ्याच्या उशिरावर बोलू नये. आमच्या 'पुढच्या स्प्रिंटमध्ये नक्की'वर किती क्लायंटांचे केस पिकलेत ते मला माहीत आहे. आणि आम्ही निदान पॅच पाठवू शकतो. पट्टीचा साचा अर्धा मिलिमीटर चुकला तर कुठला पॅच पाठवणार? शिवाय या धंद्यात हे नवीन नाही. कॉर्गने १९९४ साली ओएसिस नावाचा एक जबरदस्त सिंथ दाखवला होता. तो तसा कधी आलाच नाही. त्या नावाचा कीबोर्ड दुकानात दिसला २००५ मध्ये. अकरा वर्षं! त्यापुढे आपलं काय.

एसटीवर आपल्याकडे म्हणतात ना, वाट पाहीन पण एसटीनेच जाईन. तसं चाललं होतं आमचं. बाबा फोनवर विचारायचे, "काय रे, तुझी फ्रान्सची पाहुणी निघाली का?" मी म्हणायचो, "नटतेय अजून." दोघं हसायचो. आमच्या फोनवर एरवी हवापाणी आणि गॅस सिलिंडर सोडून विषय नसायचा, त्यात हा एक बरा विषय मिळाला होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं दोन दिवसांत ठीक झालं, चालणं महिन्याभरात. डावा हात मात्र पूर्ण परत आला नाही. कप धरता येतो, पण उचलताना सांडतो. शर्टाचं बटण लागत नाही.

पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे भाता.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबा पेटीसमोर जाऊन बसले. आईने मला हे नंतर सांगितलं. झाकण उघडलं, खटके ओढले, डावा हात पलीकडे नेऊन भात्यावर ठेवला. भाता उघडला आणि तसाच राहिला. मग त्यांनी झाकण लावलं आणि आईला म्हणाले, "यावर ती खोळ घाल."

मी मिरजेलाच होतो, वर्क फ्रॉम होमच्या कृपेने. त्या रात्री गच्चीवर फेऱ्या मारताना मला अचानक आठवलं, की ऑस्मोजला भाता नाही! विजेवर चालतं. एका उजव्या हातात सूर, दाब, मींड, सगळं. हे वाद्य जणू आमच्याचसाठी थांबलं होतं. मी धावत खाली आलो आणि बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक नवं वाक्य राहायला आलं. "ते आलं की..."

आई भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "फ्रान्सहून पेटी येतेय यांची. ती आली की वाजवतील परत." बाबांचे क्लासमधले जुने विद्यार्थी यायचे, त्यांना मी ऑस्मोजचे व्हिडिओ दाखवायचो. पुण्याला परतल्यावर दर शनिवारी सकाळी चहा घेत मी नव्या बातम्या शोधायचो, त्यांतलं मराठीत करून बाबांना सांगायचो. स्वतःला फार चांगला मुलगा वगैरे समजत होतो मी त्या काळात. बाबांसाठी एवढा रिसर्च कोण करतं!

२०२१ गेलं. २०२२ गेलं. त्या वर्षाच्या अखेरीस पहिली ऑस्मोज लोकांच्या घरी पोचायला लागली. माझं तत्त्व आठवतंय ना? पहिल्या लोकांना बग सापडू देत. मग दुकानात माल येणं, मग आतेभावाची सुट्टी, मग तिकिटं. २०२३ च्या दिवाळीत तो ते घेऊन मुंबईला उतरला, जकात भरली आणि आम्ही दोघं गाडी काढून थेट मिरजेला गेलो. नव्या मोटरसायकलएवढे पैसे लागले सगळे मिळून. रस्ताभर मी बाबांचा चेहरा कसा होईल, याचाच विचार करत होतो.

चौरंगावर ठेवलं. स्पीकर जोडला. तारेच्या वाद्यासारखा एक आवाज निवडला. बाबांनी आंघोळ करून धोतर नेसलं होतं. येऊन मांडी घातली, वाद्याला नमस्कार केला आणि उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. त्याच क्षणी त्यांचा डावा हात, तो अधू हात, हळूहळू सरकत वाद्याच्या मागच्या बाजूला गेला. भाता शोधायला. तिथे काही नव्हतं. हात परत मांडीवर आला. कोणी काही बोललं नाही.

बाबांनी सा लावला.

सा कापत होता. त्यांनी बोट उचललं, परत ठेवलं. परत कापला. साठ वर्षं पेटी वाजवलेलं बोट पट्टीवर कधीच सरळ उतरत नाही. ते तिरकं येतं, घासत येतं, निसटत जातं. पेटीला त्याचं काही नाही, पट्टी दबली की सूर लागला. इथे प्रत्येक तिरकेपणा ऐकू येत होता. सा वर चढत होता, रे खाली गळत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना बेसूर ऐकत होतो.

आई आतून करंज्या तळता तळता ओरडली, "अरे, तू नको वाजवूस, त्यांना दे की!"

तिला वाटलं मीच वाजवतोय.

बाबा अर्धा तास बसले. चिडले नाहीत. एक-एक पट्टी दाबून बघत होते, दाब बघत होते, दोन बोटांत वजन सरकवून बघत होते. एकदा, फक्त एकदा, मध्यमावरून गंधारावर सूर असा घसरत आला, की आतेभावाने मोबाइल खाली ठेवला. मग परत कापरं. शेवटी बोटं उचलून ते म्हणाले, "वाद्य खरं आहे हं. पण दहा वर्षांचं काम आहे हे." आणि हसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

रात्री जेवणं झाल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. बाबा आले आणि म्हणाले, "माझी पेटी काढ जरा."

खोळ काढली. वर धुळीचा थर, आत कुबट वास. झाकण उघडलं. ते त्यांच्या जागी बसले आणि मला म्हणाले, "तू समोर बस. भाता तू मार."

मी समोर बसलो. पेटीचा भाता वाजवणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला असतो, म्हणजे समोर बसलेल्याच्या अगदी हाताशी. इतकी वर्षं घरात पेटी आहे, पण भाता समोरच्या माणसाला इतका सोयीचा पडतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी भाता मारला. बाबांनी सा दाबला. लागला! स्वच्छ, सरळ, बाबांचा सा. दोन सूर दमटपणाने बसले होते, कोमल धैवत तर बोलायलाच तयार नव्हता. त्यांना वळसा घालून त्यांनी एक जुनं नाट्यपद वाजवलं. माझा भाता मध्येच दम टाकायचा, की सूर विझायचा, की ते नुसते डोळे मोठे करायचे. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

पद संपल्यावर मी विचारलं, "बाबा, हे असं आधी का नाही केलं आपण? तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

ते म्हणाले, "तू म्हणायचास ना, ते आलं की, ते आलं की. दर शनिवारी एवढं शोधून सांगायचास. म्हटलं पोरगं एवढं करतंय, त्याच्यासमोर जुनी पेटी काढून कशाला बसायचं."

म्हणजे मी त्यांच्यासाठी वाट बघत होतो आणि ते माझ्यासाठी.

झोपताना सवयीने हिशेब केला. फेब्रुवारी २०२१ ते नोव्हेंबर २०२३. शनिवार साधारण एकशे चाळीस. त्यातल्या निम्म्या शनिवारी जरी मी मिरजेला जाऊन समोर बसून भाता मारला असता, तरी सत्तर वेळा पेटी वाजली असती. त्यासाठी ना चिप लागत होती, ना जकात, ना म्युनिकचा आतेभाऊ. पाहुणीला उशीर झाला तो झाला, त्याला जग जबाबदार होतं. पण मधल्या पावणेतीन वर्षांच्या शांततेचं कारण फ्रान्समध्ये नव्हतं. ते पुण्यात चहा पीत बसलं होतं.

आमच्या धंद्याचा हा जुना रोग आहे. नवीन फ्रेमवर्क येतंय, तोवर जुन्या कोडला हात लावू नका. मी हे मीटिंगमध्ये ऐकलंय, स्वतः म्हटलंयसुद्धा, आणि दर वेळी ते शहाणपणाचंच वाटतं. जुन्या कोडवर रोज अडणारा कोणी असतो, तो मीटिंगमध्ये नसतो.

त्यानंतर मी एकाआड एक शनिवारी मिरजेला जातो. पेटी दुरुस्त करून घेतली, धैवत बोलतो आता. भाता मारणं हे अंगमेहनतीचं काम आहे असं मला वाटायचं. ते गाण्याचं काम आहे, हे शिव्या खाऊन कळलं. "कोरडा मारतोस." "श्वास घे की मधे, तू घेतलास की तीही घेईल." "सम आली, आता दाब." बाबांचा उजवा हात आणि माझा डावा, असं आमचं दोघांचं मिळून एक पेटीवाल्याचं शरीर झालंय. दोन गाण्याच्या क्लासमध्ये आम्ही असे जोडीने जाऊन बसलोय. पोरं आधी हसतात, मग गायला लागतात.

आणि ऑस्मोज? ते मी शिकतोय. माझ्या बोटांना साठ वर्षांची सवय नाही, हा एकमेव फायदा. पहिले चार महिने फक्त पट्टी सरळ दाबायची. सा स्थिर राहिला पाहिजे. बाबा पलंगावर आडवे होऊन ऐकतात आणि सा हलला की खोकतात. मग मींड. "ये खाली. सावकाश. थांब. आता झुलव. एवढं नको रे, पाळणा नाहीये तो."

गेल्या खेपेला रात्री मी दरबारीचे सुरुवातीचे आलाप घेऊन बसलो होतो. बाबा डोळे मिटून माझ्याबरोबर गुणगुणत होते. खरखरीत आवाज, पण सुरात. पंचमावरून मध्यमावर आलो. दोन बोटांत वजन सरकवत खाली उतरलो आणि गंधार लागला. झुलला. फार काही नाही, दोनदाच. पण झुलला.

आणि माझ्या लक्षात आलं, की गुणगुणणं थांबलंय. मी वर बघितलं. बाबा जागे होते. त्यांनी नेहमीसारखी ती जागा सोडली होती. मी रिषभावर उतरलो तेव्हा ते परत येऊन भेटले.

आज शनिवार. पुणे स्टेशनच्या बाकावर बसून हे लिहितोय. गाडी दोन तास लेट आहे म्हणे. असू दे. या वेळी तिकीट काढलेलं आहे.